कोड एआयने लिहिला, पण पट्टी कुणाच्या हातात गेली?

सांगली-मिरजेकडच्या आम्हा डेव्हलपरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'कोड एआयने लिहिला तर चूकही एआयची. आपल्याला डॉक्टर-वकिलांसारखी सनद नाही, मग नैतिकता कसली? टेस्ट पास झाल्या की काम संपलं. क्लायंटला काही सांगायची गरज नाही.' नुकतीच नोकरीला लागलेली पोरं हे खरं धरून चालतील, म्हणून उत्तर देतोय.

चूक एआयची, हा बचाव एअर कॅनडा या विमान कंपनीने करून पाहिला. त्यांच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला तिकिटाच्या सवलतीची चुकीची माहिती दिली होती. बॉट काय बोलला त्याला आम्ही जबाबदार नाही, असं कंपनीचं म्हणणं. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या लवादाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ते फेटाळलं आणि भरपाई द्यायला लावली.

सनदेचं म्हणाल, तर सनद नाही म्हणून जबाबदारी सुटत नाही. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांत चाचणीपुरताच धूर कमी करणारं सॉफ्टवेअर होतं. त्यात सामील असलेल्या जेम्स लियांग या इंजिनिअरला २०१७ मध्ये अमेरिकेत ४० महिन्यांची कैद झाली. आणि आपल्या व्यवसायाला आचारसंहिता नाही असंही नाही. संगणक क्षेत्रातल्या लोकांच्या एसीएम या संघटनेची १९७२ पासून आहे, २०१८ मध्ये ती नव्याने लिहिली गेली.

टेस्टचा, म्हणजे कोड बरोबर चालतो का हे बघणाऱ्या चाचण्यांचा मुद्दा मात्र मला जास्त लागतो, कारण तो मी स्वतः भोगलाय. हळदीच्या एका अडत दुकानासाठी पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाचा हिशेब, काढायचा प्रोग्रॅम केला होता. वजनांची बेरीज करणारा भाग एआयकडून लिहून घेतला, टेस्टही त्याच्याकडूनच. सगळ्या पास. तिसऱ्या दिवशी एक शेतकरी तोलाईदाराची चिठ्ठी घेऊन आला. चिठ्ठीवर पोत्यांची वजनं ५१.४, ४९.८, ५०.६. प्रोग्रॅमने धरली ५१, ४९, ५०. प्रत्येक पोत्याचे वरचे ग्रॅम कापूनच बेरीज होत होती. त्याच्या ४० पोत्यांत १९ किलो हळद गायब. क्विंटलला १४ हजारांच्या दराने २,६६० रुपये. टेस्टमध्ये सगळी वजनं पूर्ण किलोत होती, त्यामुळे चूक दिसणारच नव्हती. पोत्याचं वजन कधी पूर्ण किलोत भरत नाही, हे एआयला माहीत नसेल. मला माहीत होतं. मी लहानपणापासून मार्केट यार्डात जातोय. तरी मी त्या ओळी वाचल्या नाहीत.

मेसेजमागचा दबाव खरा आहे, हे मान्य. आठवड्याचं काम दोन दिवसांत मागतात. पण मग 'हे तपासायला अजून एक दिवस लागेल' असं मालकाला तोंडावर सांगायचं. तपासलंय असं भासवायचं नाही.

राहिलं क्लायंटला सांगण्याचं. चूक कुठे झाली आणि ती माझी कशी, हे मी त्याच दुपारी अडत्यांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. रात्री साडेदहापर्यंत बसून आम्ही तीन दिवसांच्या सगळ्या पट्ट्या हाताने पुन्हा काढल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून एकेका शेतकऱ्याला फोन लावून फरकाची रक्कम दिली.