सही माझी, पहारा काकांचा

स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच संगणकावर, स्वतःचीच सही करण्यासाठी माणसाने किती जणांची मनधरणी करावी, याला काही मर्यादा असायला हवी. काल दुपारी ती ओलांडली गेली आणि त्याचा राग अजून पुरता उतरलेला नाही.

एका छोट्या ई-निविदेची मुदत काल संध्याकाळी संपत होती. कागदपत्रे माझ्या लिनक्सच्या, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मुक्त स्रोत प्रणालीच्या, संगणकावर तयार होती. सही, म्हणजे डिजिटल सहीचे पेनड्राइव्हसारखे दिसणारे यूएसबी टोकन, मात्र रिवाजाप्रमाणे आमच्या सीएंच्या कार्यालयात होते. तिथे यच्चयावत क्लायंटांची टोकने सोनपापडीच्या एका रिकाम्या डब्यात, गळ्यात नावाच्या चिठ्ठ्या बांधून, नांदत असतात. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० या सहीला हातच्या सहीइतकाच मान देतो आणि खासगी किल्ली, म्हणजे सही उमटवणारा गुप्त आकडा, आपल्याच ताब्यात राहील याची काळजी सहीधारकाने घ्यावी, असेही बजावतो. कायदा करणाऱ्यांनी सोनपापडीचा डबा पाहिलेला नसावा.

टोकन घेऊन कार्यालयातले काका आले. गोष्ट खरे तर इथेच संपायला हवी होती, पण काका टोकन देऊन जायला आलेले नव्हते. दारातच त्यांनी जाहीर केले, "साहेबांनी सांगितलंय, टोकन नजरेआड होऊ द्यायचं नाही. तुमचं काम होईपर्यंत मी इथंच बसतो." मग त्यांनी खुर्ची ओढून माझ्या कोपराला टेकवली, पिशवीतून पाकीट काढले, पाकिटातून रुमालाची घडी काढली आणि घडीतून माझी सही काढली.

माझ्या टोकनसोबत आलेली पुस्तिका विंडोजपलीकडे जग आहे हे मानायलाच तयार नसल्यामुळे लिनक्सच्या पोटात व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे संगणकातच दुसरा आभासी संगणक चालवणारे सॉफ्टवेअर, घालून त्यात एक विंडोज मी केवळ या कामासाठी पोसलेली आहे. यूएसबीला लावलेले उपकरण आधी बाहेरच्या लिनक्सच्या हाती पडते. ते तिथून सोडवून आतल्या विंडोजच्या स्वाधीन करायचे, याला पासथ्रू म्हणतात. पेनड्राइव्हसारखी नक्कल करून हे भागत नाही, कारण सहीची किल्ली टोकनच्या चिपमधून बाहेर येतच नाही. सहीची आकडेमोड त्या चिपमध्येच होते, तेव्हा आख्खे टोकनच आत जावे लागते. व्हर्च्युअलबॉक्सच्या मेनूत नावावर टिचकी मारली की उपकरण आत जाते, निदान जायला हवे.

टोकन लावले. बाहेर लिनक्समध्ये, यूएसबीला काय काय लावले आहे ते दाखवणाऱ्या एलएसयूएसबी या आज्ञेच्या यादीत, ०९६ई:०८०७ असा त्याचा क्रमांक उमटला, काकांनी तो बोट ठेवून वाचला आणि समाधानाने मान हलवली. मी मेनूत टिचकी मारली आणि उत्तर आले की उपकरण आधीच्या विनंतीत गुंतलेले आहे. हे वाक्य आजवर मी फक्त खिडकीपलीकडच्या कारकुनांकडून ऐकले होते. कोणाच्या विनंतीत, कशासाठी, किती वेळ, यातले काहीही न सांगता 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' एवढेच सांगण्याची ही पद्धत यंत्रांनी नेमकी कोणाकडून उचलली, हे शोधून काढले पाहिजे.

"काढून परत लावा," काका म्हणाले. मी काढून परत लावले. "आता दुसऱ्या भोकात लावा." मी दुसऱ्या भोकात लावले. अशा वेळी बघे लोक जे जे सुचवतात ते ते आपण करतो, याचे कारण ते बरोबर असते हे नसून, नाही केले तर ते पुन्हा सुचवतात हे आहे. व्हर्च्युअलबॉक्सच्या ठरावीक परवानग्या मी केव्हाच मिळवून ठेवल्या होत्या. व्हीबॉक्सयूजर्स नावाच्या गटात तुमचे नाव नसेल तर उपकरणांची यादी रिकामीच दिसते, आणि नाव घातले तरी एकदा लॉगआउट करून परत आल्याशिवाय ते कोणी जमेस धरत नाही. शिधापत्रिकेत नाव चढवणेही काही वेळा याहून सोपे जाते.

अखेर गुंतवून ठेवणारा सापडला. लिनक्समध्ये पीसीएससीडी नावाची एक सेवा असते. स्मार्टकार्डाच्या जातीचे काहीही लावले की ती ते झडप घालून धरून बसते. मी ती बंद केली. ती पुन्हा उठली. ही सेवा बंद केली तरी तिचे सॉकेट, म्हणजे तिला हाक मारायची खिडकी, उघडे राहते आणि डेस्कटॉपमधल्या कोणीही हाक मारली की ती डोळे चोळत हजर होते. तेव्हा मी सेवेबरोबर सॉकेटही बंद केले आणि टोकन आत पाठवले. विंडोजने आतून 'टुडुंग' असा आवाज केला आणि मी सुटकेने म्हणालो, "गेलं!"

काका उभे राहिले. "गेलं कुठं?"

"आत गेलं, काका."

"कशाच्या आत?"

"विंडोजच्या."

"विंडोज कुठं आहे?"

"याच कॉम्प्युटरच्या आत."

त्यांनी वाकून टोकनकडे पाहिले, मग पडद्यावरच्या यादीकडे, मग माझ्याकडे. "टोकन तर इथंच लुकलुकतंय, यादीतही आहे, आणि तुम्ही म्हणता गेलं. साहेबांनी विचारलं तर मी काय सांगू?" बाहेरच्या यादीत त्याचे नाव राहिले तरी बाहेरच्या कोणाला ते वापरता येत नाही आणि आतल्या यंत्रणेला आताच कोणीतरी आणून लावल्यासारखे वाटते, हे मी शक्य तितक्या शांतपणे समजावले. काकांनी सगळे ऐकून घेतले आणि टोकनवर तर्जनी टेकवून ठेवली. पुढचे सगळे काम त्या तर्जनीच्या साक्षीने झाले.

पिन विचारणारी चौकट उघडली तेव्हा काकांच्या अंगी एकदम सभ्यता संचारली. "गुप्त असतो, मी बघत नाही," असे म्हणून त्यांनी बोट न हलवता तोंड भिंतीकडे फिरवले. पिन मला आठवत नव्हता, कारण सही माझी असली तरी ती करण्याचा प्रसंग माझ्यावर क्वचितच येतो. "काका, पिन किती?" भिंतीकडे बघतच त्यांनी आठही आकडे घडाघडा म्हणून दाखवले, आणि खात्री हवी असेल तर चिठ्ठीच्या मागे लिहिलाय, असेही सांगितले.

निविदा गेली. आता हसू येते, पण खरे सांगायचे तर त्या वेळी आले नव्हते. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण केंद्र सरकारने २०१५ साली जाहीर केले, सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने 'बॉस' नावाची देशी लिनक्सही काढली. तरी सहीपुरते विंडोज पोसण्याचा, परवाना घेण्याचा आणि भर दुपारी सॉकेट शोधत बसण्याचा खर्च मी कोणाच्या नावे टाकायचा? डिजिटल सहीचे हे प्रमाणपत्र घेताना कॅमेऱ्यासमोर बसून मीच मी आहे हे मी सांगितले, त्यासाठी पैसे मोजले, आणि त्याची मुदत संपली की हे सगळे पुन्हा करायचे आहे. तोवर ती सही डब्यात राहणार.

काकांनी टोकन उपटले, रुमालात गुंडाळले आणि पिशवीतून एक लांबोडकी वही काढली. टोकन नेल्याची वेळ, आणल्याची वेळ, वापरल्याचे ठिकाण. ठिकाणाच्या रकान्यात थोडा विचार करून त्यांनी 'आत' असे लिहिले आणि वही माझ्यापुढे सरकवली. मी सही केली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मागचे पान उलटून माझी जुनी सही शोधली, दोन्हींवर आळीपाळीने बोट ठेवले आणि म्हणाले, "जुळत नाही, साहेब. खाली परत करा."