घर विकताय ना? मग आधी सातबारा दाखवा!

गेल्या शनिवारी पहाटे चारला पुण्याहून निघालो. ताम्हिणी उतरलो, माणगावच्या कोंडीत सव्वा तास अडकलो आणि दापोली तालुक्यातल्या त्या किनाऱ्यावरच्या गावात पोचेपर्यंत साडेअकरा वाजले. कशासाठी? तर जाहिरातीत लिहिलं होतं, "100 वर्षं जुनं अस्सल कोकणी कौलारू घर, 22 गुंठे नारळी-पोफळीची बाग, आवारात चालू होमस्टे कॉटेज, क्लिअर टायटल." आज मंगळवार आहे आणि माझं डोकं अजून शांत झालेलं नाही.

दोन वर्षांतली ही सहावी खेप. सहाही वेळा हेच. आता बोलल्याशिवाय राहवत नाही.

फोटोत ओटी होती, सागवानी खांब होते, पितळी कड्यांचा झोपाळा होता. तिथे गेल्यावर झोपाळा गायब. विचारलं तर एजंट म्हणतो, "ताई, फोटो जरा जुने आहेत." जरा म्हणजे किती? 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाच्या आधीचे! त्या वादळात माजघरावरची कौलं उडाली, तेव्हापासून वर निळी ताडपत्री. दरवर्षीचा पाऊस त्या माजघराने अंगावर घेतलाय. मी एका वाशावर अंगठा दाबला तर पेर आत गेलं आणि वाळवीची माती मनगटापर्यंत ओघळली. आणि मागच्या पडवीत शे-दीडशे शाबूत मंगळुरी कौलं रचून ठेवलेली, पाठीवर कारखान्याचा ठसा, टिचकी मारली की खणखणीत वाजणारी. ती परत चढवायला इतक्या वर्षांत कोणाला सवड झाली नाही. पण बागेत कॉटेज उभी करायला झाली!

ती कॉटेज म्हणजे सिमेंटच्या ब्लॉकच्या दोन खोल्या, वर पत्रा, भिंतीला एसी. त्यासाठी पोफळींची अख्खी रांग तोडलेली, बुंधे अजून जमिनीत आहेत. संडासाची टाकी विहिरीपासून आठ पावलांवर. मी स्वतः पावलं मोजली. त्याच विहिरीचं पाणी पाहुण्यांना प्यायला देतात. बांधकामाची परवानगी विचारली तर उत्तर, "गावात कोण घेतंय परवानगी?" अहो, समुद्राची गाज ऐकू येते असं तुम्हीच जाहिरातीत लिहिलंय ना? विरळ वस्तीच्या किनारी गावात भरतीरेषेपासून 200 मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, सीआरझेडचा, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचा नियम आहे. मोजलंय का कोणी अंतर? नाही. पर्यटन खात्याच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदणी? नाही. पाहुण्यांच्या हिशेबाची वही? तीही नाही. उद्या एक नोटीस आली की पाडावी लागेल अशा दोन खोल्यांचे, चालू धंदा म्हणून, घराच्या किमतीवर 35 लाख वेगळे मागतात.

एवढ्यावर असतं तर मी गप्प बसले असते. पण आम्ही विहिरीपाशी उभे असताना मागच्या दाराने पासष्टीची एक बाई आली. शेजारच्याच घरातली, त्याच घराण्यातली. मला म्हणाली, "घर बघायला आलात? माझ्या आईचं नाव आहे हो सातबाऱ्यावर. तिला कोणी विचारलंसुद्धा नाही. गणपतीला सगळे इथेच जमतो आम्ही." विकणारे काका खाली मान घालून उभे. मला त्या बाईच्या डोळ्यांकडे बघवेना. काही गुन्हा नसताना मी तिच्या अंगणात चोरासारखी उभी होते, आणि हे माझ्यावर आणलं त्या एजंटने.

गाडीत बसून मोबाइलवर गट नंबर टाकला. 17 नावं! सामाईक. त्यातली चार माणसं वारलेली, वारसनोंदच झालेली नाही. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन 15 रुपयांत मिळतो. हा एजंट 14 महिने लोकांना ते घर दाखवतोय आणि त्याने 15 रुपयांचा कागद काढला नाही? की काढला आणि दडवला? दोन्हीपैकी काहीही असलं तरी त्याने "क्लिअर टायटल" हे शब्द कोणत्या तोंडाने लिहिले?

त्याला फोन केला तर म्हणे घरपट्टी काकांच्याच नावावर आहे. घरपट्टी म्हणजे मालकी नव्हे, हे रोज जमिनीचे व्यवहार करणाऱ्याला मी सांगायचं? मग म्हणे, "बहिणींची हक्कसोडपत्रं आणतो, बहिणी कुठे काय मागतात?" या वाक्याने माझं रक्त उकळलं. 2005 पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. तिने मागावा लागत नाही, तो तिचाच आहे. शेवटी म्हणे, "मग काकांचा हिस्सा तेवढा घेऊन टाका, बाकीचे येतील हळूहळू." म्हणजे जन्मभराची पुंजी घालून कोर्टाची पायरी चढायची! मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चा आहे. त्याच्या कलम 44 प्रमाणे एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात बाहेरच्याने एकाचा हिस्सा घेतला तरी त्याला घरात सामाईक ताबा मागता येत नाही. वाटणीचा दावा लावायचा आणि तारखा मोजत बसायचं. हे त्याला ठाऊक नसेल? नक्की ठाऊक आहे.

पहिल्या खेपेचा एजंट तर याच्याही वरताण. शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं, कूळकायद्याचं कलम 63 आहे. यजमानांच्या नावावर नगरला शेती आहे म्हणून आमचं भागतं. पण आमच्यासमोर तो दुसऱ्या एका जोडप्याला सांगत होता, "शेतकरी दाखल्याचं मी बघतो, 40 हजार द्या." खोट्या दाखल्यावर घेतलेली जमीन सरकारजमा होऊ शकते हे तो सांगत नव्हता. ती दोघं बिचारी मान डोलवत होती.

चौथ्या खेपेला आमचे 51 हजार इसार म्हणून गेले. सात महिने फोन करकरून परत मिळाले, त्यातलेही सहा हजार "खर्च" म्हणून कापून.

त्या कुटुंबांवर माझा राग नाही. वाटण्या रखडतात, मुंबईची पोरं येत नाहीत, म्हाताऱ्यांना एकट्याने घर शाकारणं झेपत नाही, हे मला कळतं. माझ्या आजोळचं घर असंच पडलं. म्हणून तर मला उभं असलेलं एक घर घ्यायचंय, त्याची कौलं परत चढवायची आहेत. पण तुम्ही घराचा फोटो टाकता तसा त्याचा गट नंबर टाका. किती नावं आहेत ते लिहा. कॉटेजला परवानगी नसेल तर नाही असं लिहा. किंमत त्यानंतर सांगा. मग लोक पेट्रोल जाळून यायचं की नाही ते घरी बसून ठरवतील.

काल रात्री आणखी एकाने जाहिरात पाठवली. गुहागरजवळ, "ब्रिटिशकालीन वाडा, दोन कॉटेज, फोटो पाहताच प्रेमात पडाल." मी फक्त विचारलं, गट नंबर काय? निळ्या टिका पडून 18 तास झालेत.