घरजावयाचा सूड : ‘सक्सेशन’मधील टॉमविषयी एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

माध्यमसम्राट लोगन रॉय आणि त्याच्या कंपनीवर डोळा ठेवून असलेली त्याची मुले यांच्यावरील ‘सक्सेशन’ या अमेरिकी मालिकेविषयीच्या माझ्या लेखाबद्दलची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. तिसऱ्या पर्वाच्या शेवटी टॉमने आपल्या बायकोला, म्हणजे लोगनची मुलगी शिव्हला, जो दगा दिला त्याला मी ‘सूड’ म्हटले, हे आपल्याला पटलेले नाही. तो निव्वळ स्वार्थ होता आणि एका लाचार माणसाला भारदस्त शब्द बहाल करून मी त्याचा अपराध सौम्य केला, असे आपले म्हणणे आहे. आपण पुरावेही दिले आहेत. शिव्हचा भाऊ केंडल टॉमला आपल्या बाजूला ओढू पाहतो तेव्हा टॉम त्याला सुनावतो की, तुला हरताना मी पुष्कळदा पाहिले आहे, तुझ्या बापाला एकदाही नाही. शिवाय सूड हा द्रौपदीच्या मोकळ्या केसांसारखा चारचौघांत मिरवायचा असतो, टॉमने तर तो लपवला, असेही आपण लिहिले आहे.

स्वार्थाचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. १२ डिसेंबर २०२१ रोजी प्रसारित झालेल्या त्या भागात केंडल, शिव्ह आणि रोमन या तिन्ही मुलांच्या हाती हुकमाचा एक्का एकच असतो. आईवडिलांच्या घटस्फोटाच्या वेळी ठरलेल्या अटीनुसार कंपनीचा ताबा दुसऱ्याकडे द्यायचा तर त्यांची संमती लागते. शिव्ह हा बेत विश्वासाने नवऱ्याला सांगते, नवरा तो सासऱ्याच्या कानी घालतो, आणि मुले दारात येईपर्यंत लोगनने घटस्फोटित बायकोला गाठून ती अटच बदलून घेतलेली असते. टॉमने जिंकणारा घोडा निवडला, यात शंका नाही. पण बायको जिंकली असती तरी हा जावई उपाशी मरणार नव्हता. मग त्याने तिचीच बाजू का सोडली, याचे उत्तर नुसत्या हिशेबात सापडत नाही. त्यासाठी मागचे भाग पुन्हा पाहावे लागतात.

लग्नाच्याच रात्री शिव्ह त्याला सांगते की एकनिष्ठ संसार आपल्याला जमणार नाही, आणि त्याचा सगळा राग तिच्या जुन्या प्रियकराला प्यालातील वाइन पुन्हा बाटलीत ओतायला लावण्यात संपतो. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस, कंपनीतील दडपलेल्या गैरप्रकारांसाठी कोणाचा बळी द्यायचा याची चर्चा रॉय कुटुंबाच्या नौकेवर चालू असताना, ती नवऱ्याला पाठीशी घालत नाही. त्याच भागात समुद्रकिनारी बसून तो तिला सांगतो की, तुझ्यावाचून होणारे दुःख तुझ्यासोबतच्या दुःखापेक्षा कमी असेल का, असा विचार मनात येतो. पुढे तुरुंगात जावे लागणार या भीतीने तो कैद्यांच्या जेवणाची सवय करू लागतो, तेव्हा घरात त्याची भीती ही जवळजवळ थट्टेचाच विषय असते. आणि इटलीत, दगा देण्याच्या आदल्याच भागात, ती शय्येवर खेळाच्या मिषाने त्याला ऐकवते की तू माझ्या लायकीचा नाहीस आणि माझे तुझ्यावर प्रेम नाही. हा खेळ नव्हता, हे त्यालाही कळते आणि आपल्यालाही.

आपल्याकडे जावयाला दशमग्रह म्हणतात, पण घरजावयाला ग्रहाचाही मान नसतो. मिनेसोटातून आलेला हा माणूस सासऱ्याच्या कंपनीत नोकरी करतो, सासऱ्याच्या टेबलावर जेवतो, आणि भावाबहिणींच्या भाऊबंदकीत त्याला मत नसते. (समुद्रकिनाऱ्यावरून परतल्यावर तो लोगनच्या ताटातील कोंबडीचा तुकडा उचलून सरळ खातो. मला विचाराल तर त्याचे पहिले बंड तेच.) द्रौपदीची प्रतिज्ञा उघड असू शकली, कारण ती पुरी करणारा भीम तिच्याजवळ होता. टॉमजवळ फक्त कानावर आलेली एक बातमी होती. शिवाय त्याला संसार मोडायचाही नव्हता. त्याला तराजूची पारडी फिरवायची होती, म्हणजे ती हरावी, पण आपली बायको राहून हरावी. म्हणूनच तो काहीच ठाऊक नसल्याच्या चेहऱ्याने खोलीत येतो आणि ‘बरी आहेस ना?’ असे विचारतो. लोगनचा त्याच्या खांद्यावर पडलेला हात शिव्हला दिसतो, एवढेच त्याच्या हिशेबाबाहेर होते. लपवलेला सूड सूड ठरत नाही, हे म्हणूनच मला पटत नाही; दुबळ्याला तो लपवूनच घ्यावा लागतो.

टॉमविषयी सहानुभूती वाढवण्याचा आरोप मात्र अंशतः खरा आहे. हाताखालच्या ग्रेगला त्याने दिलेला त्रास, पाण्याच्या बाटल्या फेकून मारण्यापर्यंत गेलेला, मी लेखात गाळला. त्याला मिळालेला अपमान तो जमेल तिथे खाली पोचवत होता, हे सांगायला हवे होते.

आपला शेवटचा मुद्दा मला सर्वांत लागला. हेच बायकोने केले असते तर आपण तिला कपटी म्हटले असते, असे आपण लिहिले आहे. २८ मे २०२३ च्या अंतिम भागात शिव्ह कंपनीच्या विक्रीवरील मतदानात ऐन वेळी, विक्री रोखू पाहणाऱ्या केंडलविरुद्ध मत देते, कंपनी सात विरुद्ध सहा मतांनी विकली जाते, आणि तिच्या त्या मताला मी ‘हेकेखोरपणा’ म्हटले होते. नवऱ्यासाठी ‘सूड’ हा जो शब्द वापरला तो तिच्यासाठी का नाकारला, याचे समाधानकारक उत्तर माझ्याजवळ नाही. ‘हेकेखोरपणा’ हा शब्द मी मागे घेतो. नवा मालक मॅटसन आपल्याला मार झेलणारा माणूस हवा आहे असे तोंडावर सांगतो, तरी टॉम कंपनीप्रमुखाची खुर्ची स्वीकारतो. मग मोटारीत तो हात पुढे करतो आणि शिव्ह त्यावर आपला हात नुसता ठेवते. बोटे मिटत नाहीत.