न दिसणाऱ्या धुराचं वजन

पाणी तापवणारा आमचा गॅस बॉयलर कोणाच्या अध्यात ना मध्यात, तळघरात उभा असतो. त्याच्या धुराड्यातून वर्षभरात काय आणि किती बाहेर पडलं, हे एका तक्त्यात भरायचं काम माझ्या गळ्यात पडलं. अशी कामं कोणी सोपवत नाही. बैठकीला जो उशिरा पोचतो त्याच्या नावावर ती आधीच चढलेली असतात.

बॉयलर सांभाळणाऱ्या काकांना विचारलं, "काका, धूर किती निघतो?"

"गॅसला कुठला धूर, साहेब? ज्योत बघा कशी निळीशार आहे."

"मग वर पांढरं दिसतं ते?"

"ते पाणी."

काका बरोबर होते. आमचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. तो किलोभर पूर्ण जळला की सव्वादोन किलो पाणी तयार होतं आणि पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे पाणी तापवण्यासाठी आम्ही गॅस जाळतो आणि त्या भानगडीत नवंकोरं पाणी बनवून आकाशात सोडून देतो. हे मी आमच्या हिशेबनीसांना कौतुकानं सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "एक किलो आत, पाच किलो बाहेर? वरचे चार कोणाच्या खात्यातून?"

"हवेतल्या ऑक्सिजनच्या."

"पावती आहे?"

पावती फक्त गॅसच्या मीटरची होती. बरं, मीटर दाखवतो घनमीटर, आणि घनमीटर हा मोठा लहरी प्राणी. दाब तोच ठेवून शून्य अंशावरचा गॅस पंधरा अंशांवर नेला, तर तो पाचेक टक्के फुगतो. तेव्हा आकडा कुठल्या तापमानाचा, हे आधी शोधा. मग उष्णतेवरून हिशेब करावा म्हटलं, तर नैसर्गिक वायूसाठी दर गिगाज्यूल उष्णतेला 56.1 किलो कार्बन डायऑक्साइड असा आयपीसीसीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीचा, आकडा हाताशी होता. तो निव्वळ उष्मांकावरचा, आणि बिल एकूण उष्मांकावरचं! धुरातल्या वाफेत अडकलेली उष्णता धरली की एकूण, सोडली की निव्वळ, एवढाच वाद; पण फरक दहा टक्क्यांच्या घरात. ती उष्णता परत मिळवणारे बॉयलर निव्वळ उष्मांकावर शंभराच्या वर कार्यक्षमता सांगतात ते याच जोरावर. शाळेत असे गुण मला कोणी दिले नाहीत.

तरी कार्बन डायऑक्साइड हा सरळमार्गी. नायट्रोजनच्या ऑक्साइडांनी खरा घाम काढला. यातला नायट्रोजन मुख्यतः हवेतला. ज्योत जितकी तापट, तितके ते जास्त. गॅसच्या बिलावरून याचा पत्ता लागत नाही, धुराड्यात नळी घालून मोजावं लागतं. मोजलं. ऑक्सिजन 5 टक्के, नायट्रोजन ऑक्साइड 80 पीपीएम, म्हणजे धुराच्या दहा लाख भागांत 80. 80 लिहून मोकळा होणार, तोच तक्त्याखाली बारीक अक्षरांत सूचना दिसली: आकडा 3 टक्के ऑक्सिजनला आणून द्यावा, म्हणजे धुरात ऑक्सिजन 3 टक्केच असता तर किती आला असता, ते.

झालं! हवेतला ऑक्सिजन 20.9 टक्के; त्या 20.9 मधून 3 वजा, 20.9 मधून 5 वजा, भागाकार, गुणाकार. 80 चे झाले 90. धुराड्यात काही बदललं नाही, कागदावर मात्र आम्ही अधिक कळकट झालो. कारण रास्त आहे, हे मान्य करतो. ही अट नसती तर दुधात पाणी घालावं तशी लोकांनी पंखा लावून धुरात हवा घातली असती आणि सगळ्यांचे आकडे सोज्वळ झाले असते.

काकांना म्हटलं, ज्योत जरा थंड करता येईल का? ते म्हणाले, "करू की. पण फार थंड केली तर कार्बन मोनॉक्साइड वाढेल. त्याचाही रकाना आहे ना?"

होता.

शेवटच्या ओळीत आकड्याचा आधार विचारला होता: प्रत्यक्ष मोजणी, गणित, की जाणकाराचं मत. मी पहिल्या दोन्हींवर खूण केली. तिसऱ्यासमोर काकांची सही घ्यायला गेलो, तर ते म्हणाले, "साहेब, तुम्ही ती बैठकीतच का नाही घेतली? मी वेळेवर आलो होतो."