पंपावरचा नाही, रिफायनरीचा भाव बघा

पेट्रोलच्या दरांवरच्या लेखात म्हटलंय की पेट्रोल २०१० पासून नियंत्रणमुक्त आहे (म्हणजे सरकार दर ठरवत नाही) त्यामुळे दर बाजारच ठरवतो. मला हे अजिबात पटत नाही. बाजार ठरवत असता तर २०१७ च्या जूनपासून रोज दर बदलायची पद्धत आणली ती मे २०२२ नंतर जवळपास दोन वर्षं गोठून का बसली, तेवढ्यात कच्चं तेल किती खाली आलं होतं! आणि खरा घोळ पंपावर नाहीच हो, तो रिफायनरीच्या दारात आहे. रिफायनरी ज्या भावाने पेट्रोल तेल कंपन्यांना देते त्याचं २००६ पासूनचं सूत्र असं की ८० टक्के भाव आयातीच्या हिशोबाने अन् २० टक्के निर्यातीच्या, म्हणजे मुंबईतल्या माहुलच्या रिफायनरीत तयार झालेलं पेट्रोल शेजारच्या चेंबूरच्या पंपावर येतं तरी, जणू परदेशातून आणलंय असं धरून, हिशोबात जहाजाचं भाडं, विमा, कस्टम ड्युटी धरलेली. बिचारा पंपवाला ठरलेल्या कमिशनवर बसलेला, शिव्या मात्र त्यालाच. पीएनजीआरबीच्या (पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाच्या) कायद्यात दरांवर लक्ष ठेवा असं स्पष्ट लिहिलंय, मग पेट्रोल विकणाऱ्या तीन सरकारी कंपन्यांचे दर जवळपास सारखेच कसे याची चौकशी त्यांनी करावी आणि रिफायनरीचा भाव रोज सगळ्यांना दिसेल असा जाहीर करायला लावावा. टॅक्सवर बोलाच, पण टॅक्सच्या आधीचा आकडाही मागा की.