सोयर कोणाला?

मुलगी झाली त्या रात्री साडेदहाला धाकटीच्या दिराचा फोन आला. वजन किती, नॉर्मल की सिझर, काही नाही. थेट मुद्द्याला हात. "मॅडम, तुम्ही बायलॉजीच्या. तुम्हीच सांगा, सोयर कोनाले धरानं?"

त्याचंही खरं होतं. चौथ्या दिवशी त्याच्या नव्या घराची वास्तुशांत. पत्रिका वाटून झालेल्या, आचाऱ्याला विसार दिलेला. वहिनी बाळंतीण झाली की भाऊकीला दहा दिवस सोयर, हे त्याला पाठ. पण वहिनीच्या पोटी जन्मलेली मुलगी वहिनीची नाही, हे त्याच्या कुठल्याच हिशोबात बसत नव्हतं.

थोडं मागे जाते. नावं, गाव सांगणार नाही. पारोळा-अमळनेर पट्टा म्हणा. दोघी सख्ख्या बहिणी, माझ्या चुलत. मोठीचं पहिल्या बाळंतपणात रक्त थांबेना म्हणून गर्भाशय काढावं लागलं, बाळही गेलं. अंडाशय मात्र शाबूत. म्हणजे बीज तिचं, शुक्राणू नवऱ्याचे, फक्त रुजायला जागा नाही. ती जागा धाकटीने दिली. म्हणजे सरोगसी. धाकटीला स्वतःची दोन पोरं आहेत.

गावात दोन तट पडले. एक म्हणे, मूल मोठीचंच, धाकटी नुसती भाड्याची खोली. (हा शब्द ज्याने वापरला त्याच्याशी मी सहा महिने बोलले नाही. भाडं तर कायद्यानेच बंद आहे, ते पुढे सांगते.) दुसऱ्या तटाच्या म्होरक्या आमच्या थोरल्या काकू. "नऊ महिना रगत तं हिनीच पाजं ना वं?"

काकूंना मी ओट्यावर बसून समजावलं. आईचं रक्त बाळाच्या अंगात वाहत नाही. मधे वार (प्लासेंटा) असते, आणि गंमत म्हणजे ती वार आईची कमी, गर्भाचीच जास्त. गर्भ स्वतःची वार स्वतः वाढवतो. तिच्यातून अन्न जातं, प्राणवायू जातो, रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यं जातात. पण नाक कसं, रंग कसा, रक्तगट कुठला, हे बीज आणि शुक्राणू एकत्र आले त्या क्षणीच ठरलेलं. काचेच्या बशीत. धाकटीच्या पोटात गर्भ गेला तेव्हा तो निर्णय होऊन काही दिवस झाले होते.

काकू म्हणाल्या, "मंग धाकटीनं काहीच नही?"

आणि इथे मी, बारावीला वर्षानुवर्षं आनुवंशिकता शिकवणारी बाई, अडखळले. कारण "काहीच नाही" हे खोटं आहे. धाकटी सख्खी मावशी. मावशीची आणि भाचीची जनुकं सरासरी 25 टक्के जुळतात. ती पोटात वाढवल्यामुळे जुळत नाहीत, मावशी आहे म्हणून जुळतात. तिने पोटात वाढवलं नसतं तरी तेवढीच जुळली असती. हेच काम जावेनं केलं असतं तर शून्य. आत्यानं केलं असतं तर पुन्हा 25. म्हणजे "सरोगेटचा अंश असतो का" या प्रश्नाला एकच उत्तर नाही. आधीचं नातं काय, ते बघावं लागतं.

शिवाय आणखी एक गोष्ट, जी ऐकून काकू गप्प झाल्या. गरोदरपणात बाळाच्या काही पेशी आईच्या अंगात शिरतात आणि तिथेच मुक्काम ठोकतात. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मुलगा होऊन 27 वर्षं झालेल्या बाईच्या रक्तात मुलाच्या पेशी सापडल्या होत्या. थोड्याफार पेशी उलट्या वाटेनेही जातात, आईकडून बाळाकडे. त्यांनी ना नाक बदलत ना वारसा. पण मोठीच्या लेकीच्या चार पेशी धाकटीच्या अंगात म्हातारपणीही फिरत असतील, एवढं नक्की शक्य आहे. ज्याला "भाड्याची खोली" म्हणायचंय त्याने हे ऐकावं.

आता कायदा. सरोगसी नियमन कायदा 2021 चा, लागू झाला 25 जानेवारी 2022 पासून. सरोगेटने स्वतःचं बीज द्यायचं नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे जनुकीय आई आणि पोटात वाढवणारी एकच, हा घोळच कायद्याने तोडून टाकला. तिचं लग्न झालेलं हवं, स्वतःचं मूल हवं, वय 25 ते 35, आणि आयुष्यात एकदाच. जन्मलेलं मूल इच्छुक जोडप्याचं जैविक मूल मानायचं, पोटच्या मुलाचे सगळे हक्क त्याला. आणि मला सगळ्यात नवल वाटलं ते याचं, की पालक कोण आणि ताबा कोणाचा याचा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश आधीच घ्यावा लागतो. सरोगेटच्या पोटात गर्भ सोडण्याआधी! मोठी, जिजाजी आणि धाकटी कोर्टात गेले तेव्हा ज्या मुलीचा ताबा ठरत होता ती अजून कुठेच नव्हती. जन्माच्या दाखल्यावर पुढे त्याच आदेशाच्या आधाराने आई म्हणून मोठीचं नाव लागलं.

ही घाई उगाच नाही. 2008 साली आणंदला जन्मलेल्या मांजी या मुलीचं प्रकरण काहींना आठवत असेल. जपानी जोडपं, मूल जन्मायच्या आधीच काडीमोड, बीज तिसऱ्याच अनोळखी बाईचं. मूल कोणाच्या कागदावर न्यायचं हेच ठरेना, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्याच वर्षी, त्याच आणंदला एका जर्मन माणसाची जुळी झाली. 2009 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्यात जन्म देणारीलाच आई धरलं, कारण कायदाच नव्हता. आणि अगदी बहिणी-बहिणींचं बघायचं तर ऑगस्ट 2024 चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आहे. धाकट्या बहिणीने बीज दिलं होतं, जुळ्या मुली सरोगसीने झाल्या, पुढे मोठीचा संसार विस्कटला आणि बीज देणारी बहीणच आई आहे असा दावा उभा राहिला. कोर्ट म्हणालं, बीज दिलं म्हणून आईपणाचा कायदेशीर हक्क मिळत नाही. मोठीला मुली भेटू द्या.

तेव्हा हक्कापुरतं चित्र स्वच्छ आहे, आणि मला ते मान्य आहे. धाकटीलाही मान्य आहे, तिने कधी वेगळं म्हटलं नाही.

माझं भांडण दुसरीकडे आहे. कायद्याने पैसा बंद केला. दवाखान्याचा खर्च आणि 36 महिन्यांचा विमा, एवढंच. हेतू चांगला, गरीब बायांचा बाजार होऊ नये. पण पैसा बंद झाला की उरतात घरच्याच बाया. आणि घरच्या बाईला विचारतात कसं? धाकटीला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला विचारलं. माहेरी आलेली, लिंबाला झोका बांधलेला, पुरणपोळी-आमरस होऊन ताटं उचललेली, आणि तिच्या आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवत विषय काढला. मोठी भिंतीकडे तोंड करून बसलेली. सांगा, कुठली लेक नाही म्हणेल? पुढे डॉक्टरांनी तिला एकटीला बसवून सगळं मराठीत वाचून दाखवलं. गर्भ सोडेपर्यंत केव्हाही माघार घेता येते हेही सांगितलं. कायद्याने तो दरवाजा खरंच उघडा ठेवलाय. पण त्या दरवाजातून बाहेर पडून ती जाणार कुठे होती? परत त्याच माहेरी ना?

त्या वर्षी तिला कापूस वेचायला जाता आलं नाही. नवऱ्याने मजूर लावले. तो खर्च कोणी विचारला नाही आणि तिनेही काढला नाही, बहिणीकडून काय मागायचं.

सोयरावर तोडगा भाऊकीतल्या आबांनी काढला. पारावर बसून, एका वाक्यात. "ज्याना घर पाळना, त्याना घर सोयर." संसदेला जे लिहायला इतकी वर्षं लागली ते आबांनी चहा संपायच्या आत सांगितलं. वास्तुशांत झाली. पाचवीला सटवाईपुढे कोरा कागद आणि पेन मोठीच्या घरी ठेवलं गेलं. बारशाला आत्याने कानात नाव सांगितलं. सगळं रीतसर.

फक्त एक राहिलं. सोयर नाही म्हणजे बाळंतीण नाही, असा सोपा अर्थ धाकटीच्या सासरी काढला गेला. तिला टाके होते. दूध थांबायच्या गोळ्या चालू होत्या तरी छाती दगडासारखी झालेली. आणि आठव्या दिवशी मी भेटायला गेले तर ती चुलीपुढे बसून कळण्याची भाकर थापत होती, कारण घरात पाळणा नाही तर बाज आणि शेगडी कशासाठी. पदराखाली सुती लुगड्याची घडी धरलेली, ती ओली. मला बघून म्हणाली, "ताई, बस, गरम खाय." आणि दुसरी भाकर तव्यावर टाकली.

त्या रात्री मी घरी येऊन डिंक तळला. खारीक कुटली, मेथी दळली, दीड किलो लाडू बांधले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने डबा पोचवला. आयुष्यात पहिल्यांदाच केले, पाक जरा कडक झाला.

ही पोस्ट टाकायच्या आधी तिला फोन करून विचारलं, लिहू का? पलीकडे पोरांचा गोंधळ चालू होता.

"लिख ना," म्हणाली. "पन लाडूसमा मेथी जास्त व्हयनी व्हती, ते बी लिख."