नवा नंबर नको, फोननंतरची सोय बघा

कोल्हापूर महापालिकेनं मानसिक संकटासाठी वेगळी हेल्पलाइन काढावी, असं एका लेखात सुचवलंय. पण टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून आहेच, २४ तास, मोफत, मराठीतही. अडतं ते फोन ठेवल्यावर. रात्री माणूस अंगावर धावून येतोय. त्याला न्यायचं कुणी आणि कुठं?

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा यावर स्पष्ट आहे. जिवाला धोका असेल तर कलम ९४ खाली कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो, मानसोपचारतज्ज्ञच हवा असं नाही. नातेवाईक नेमलेला प्रतिनिधी म्हणून हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. विजेचे शॉक मात्र यात देता येत नाहीत. कलम १०० प्रमाणे पोलिसांनी अशा माणसाला लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात पोचवायचं. हे ठाणे अंमलदाराच्या टेबलावर एका कागदावर लिहून असायला हवं.

सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात असा रुग्ण आला की आधी साखर, ताप, डोक्याचा मार तपासा. आणि दारू कधी सोडली ते विचाराच! दोन-तीन दिवसांपूर्वी अचानक सोडलेली असेल तर हातांची थरथर, घाम आणि भास एकत्र दिसतात. त्याला 'वेडाचा झटका' समजून नुसतं बांधून ठेवलं तर माणूस दगावू शकतो.

दवाखान्यातून घरी सोडल्यावर आत्महत्येच्या दृष्टीनं पहिला आठवडा सगळ्यात जोखमीचा. तेव्हा आशाताईंची एक फेरी हवी, शेतीची औषधं कुलपात हवीत. जिल्ह्याच्या टोकाच्या चंदगडच्या माणसाला गोळ्यांसाठी कोल्हापूर गाठावं लागलं तर गोळ्या बंदच पडतात.